बर्फात ठेवलेली बाटली

बायको जाऊन वर्ष झालं. लोक विचारतात, कशानं गेली? मी सांगतो, मानेत गाठ आलती, कॅन्सरची, त्यानं गेली. एवढ्यावर लोक गप्प बसतात. माझ्या पोटात मात्र पुढचं असतं. तिला सहा इंजेक्शनं द्यायची होती. त्यातलं तिसरं माझ्या हातानं नासलं आणि नासलेलं ते मी तिच्या शिरेत जाऊ दिलं. ती त्यानं गेली की नाही, हे मला ठाऊक नाही. सांगू शकणारं माणूस माझ्या ओळखीत एकच, माझी मुलगी. आणि तिच्याशी मी वर्षभर धड बोलत नव्हतो.

मुलगी बेंगलोरला असलीच औषधं बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथं हॅमस्टर म्हणून उंदराच्या जातीचा एक गुबगुबीत प्राणी असतो, त्याच्या मादीच्या अंडाशयातनं कधीकाळी काढलेल्या पेशी स्टीलच्या टाकीत वाढवतात. पेशींना खायला घालायचं, ऊब द्यायची, आणि त्यांनी माणसाच्या उपयोगाचं प्रोटीन बनवून टाकीत सोडायचं. तेच पुढं गाळून बाटलीत भरतात. तिच्या आईचं इंजेक्शन असल्याच पेशींनी बनवलेलं. हे तिनं मला बऱ्याच वेळा सांगितलं. मी गावात सांगायचो, पोरगी उंदरं राखती.

आईची राख सावडली त्याच दिवशी ती परत निघाली. दारात बॅग घेऊन उभी राहून म्हणाली, "आप्पा, टाकी लावलीया. शेवटचे दिवस हाईत, माझ्याशिवाय मोजमाप कुणाला जमत न्हाय."

मी म्हणालो, "आईचा तिसरा दिवस मोजायला तुला सवड न्हाय. जा, तुझी उंदरं उपाशी असतील."

ती गेली. त्यानंतर फोन यायचा, मी उचलून "हाय जिता" म्हणायचो आणि ठेवून द्यायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा पोरीवर रागावलाय. राग होताच. पण त्याच्या आड भ्यायलेलं माणूस बसलं होतं. ती चार वाक्यं जास्त बोलली असती तर माझ्या तोंडातनं बाटलीचं निघालं असतं.

आता बाटलीचं सांगतो.

ते औषध हॉस्पिटलवाले ठेवत नसत, आपण आणून द्यायचं. बेळगावात टिळकवाडीत एक औषधाचं दुकान होतं, आधी सांगितलं की मागवून द्यायचं. थर्माकोलच्या डब्यात, थंडगार पुड्यांच्या मधे मुठीत मावेल एवढी बाटली. दुकानदार दर वेळी बजावायचा, "फ्रीजात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको." मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं म्हणालो तर ते खोटं होईल.

तिसऱ्या वेळी इंजेक्शन सोमवारी होतं. रविवारी दुकान बंद, म्हणून शनिवारीच बाटली घेऊन मी गावी आलो. आमचं गाव निपाणीपासून वडापच्या जीपनं अर्ध्या तासावर. घरी येऊन बघतो तर सकाळपासनं करंट नाही. ट्रान्सफॉर्मर जळलेला. भर उन्हाळा. फ्रीज उघडला तर आतनं कोमट वाफ आली.

बायको खाटेवर होती. डोक्यावरचे केस गेलेले, पदर घट्ट गुंडाळलेला. म्हणाली, "अवो, डेअरीत ठिवा की. जनावरांच्या लशींचा फ्रीज हाय, जनरेटरबी हाय."

डेअरी म्हणजे आमच्या गावची दूध सोसायटी, घरापासून शंभर पावलांवर. पण तिथल्या सेक्रेटरीशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्यानं चार लोकांत माझ्या दुधाचं माप लावून सांगितलं होतं, ह्यात पाणी हाय. मी कॅन तिथंच त्याच्या पायावर ओतला आणि शपथ घेतली की ह्या पायरीवर पुन्हा चढणार नाही. तेव्हापासनं दूध निपाणीत हॉटेलांना घालत होतो.

मी म्हणालो, "त्याच्या दारात मी पाय ठिवणार न्हाय."

"मग मी जाते."

"तू गेलीस तर ह्या घरात परत यायचं न्हाय."

दोन इंजेक्शनं झालेल्या, भिंत धरून चालणाऱ्या बाईला मी हे बोललो. तिनं पाय उचलून पुन्हा खाटेवर घेतले.

मी डबा उचलला आणि वडापनं परत निपाणीला गेलो. स्टँडजवळ एक आइसकँडीवाला होता, मी त्याला दूध घालायचो, ओळखीचा. त्याच्याकडं मोठा फ्रीजर. डब्यातल्या पुड्या तोवर कोमट झाल्या होत्या. दुकानदाराचं बोलणं डोक्यात होतं, पण मनानं दुसरा हिशेब मांडला. थंडीत टिकतं, तर जास्त थंडीत जास्त टिकंल. तंबाखूचं आमच्याकडं असंच असतं, जेवढी ओल काढाल तेवढा माल टिकतो. बाटली रुमालात गुंडाळली आणि कँड्यांच्या खाली सारली.

सोमवारी सकाळी ती काढली तेव्हा आतलं पांढरं घट्ट झालं होतं. बायको स्टँडच्या बाकावर बसली होती, तिला मी दाखवली नाही. डब्यात टाकली आणि बेळगावच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागं पडलं तेव्हा झाकण उचलून बघितलं. सगळं वितळलं होतं, पाण्यासारखं स्वच्छ. मी तीस वर्षं तंबाखू पारखलेला माणूस. चिमूट चोळून, वास घेऊन माल कुठल्या रानातला ते सांगतो. ह्या बाटलीला वास नव्हता, रंग नव्हता. मी स्वतःला सांगितलं, चांगलीच हाय.

हॉस्पिटलात नर्सनं बाटली हातात घेतली, खिडकीकडं धरली आणि कन्नडमध्ये विचारलं, "फ्रीजरदाग इट्टिद्रेन?" फ्रीजरमध्ये ठेवली होती काय?

मी म्हणालो, "इल्लरी." नाही हो.

का म्हणालो ते सांगतो. हो म्हणालो असतो तर तिनं बाटली टाकून दिली असती. दुसरी मागवायची, यायला किती दिवस लागतील ते दुकानदारालाही सांगता येत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाला होता तारीख चुकवू नका. शिवाय एकेक बाटली अशी महाग की टाकून देण्याची गोष्ट तोंडातनं निघत नव्हती. आणि लाज. बायको शेजारी होती, तिच्यापुढं हो म्हणायचं म्हणजे डेअरीची गोष्ट पुन्हा उघडी पडणार.

बायकोला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं यायचं. तिनं आधी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तिनं हात पुढं केला. नर्सनं सुई लावली. ते औषध थेंब थेंब जायला चार तास लागले. मी समोर बसून होतो.

परत येताना बसमध्ये तिनं एवढंच विचारलं, "कँडीवाल्याच्यात सगळं बर्फच असतंय नव्हं?"

मी म्हणालो, "गप बस."

ती गप बसली ती शेवटपर्यंत. सहा इंजेक्शनं झाली, गाठ बसली, केस परत आले, कुरळे आले त्याचं तिला हसू यायचं. मग काही महिन्यांनी गाठ पुन्हा आली आणि ह्या वेळी थांबली नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी आली, आठ दिवसांची रजा काढून. रानात तंबाखू कमरेएवढी झालती, खुडणीचे दिवस होते. तंबाखूला कळी दिसली की शेंडा मोडायचा. मग पानाच्या बगलेतनं फुटवे येतात, तेही काढायचे. झाडाला फुलू दिलं तर सगळा जोर बियात जातो, पान पातळ राहतं. शेंडा मोडला की तोच जोर पानात उतरतो. मोडता मोडता हाताला काळा चिकट डिंक बसतो, तो साबणानं जात नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यामागं रानात आली आणि न विचारता शेजारच्या सरीत शेंडे मोडायला लागली. हात विसरले नव्हते. थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पा, माझं काम हेच हाय."

"कसलं? तंबाखू?"

"खुडायचं काम. ऐकतासा का?"

"कान हाईत, बंद करता येत न्हाईत."

ती सांगायला लागली. पेशीच्या आत चिठ्ठ्या फिरत असतात. एकेका चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, हे प्रोटीन बनव, ते बनव. त्यातली एक चिठ्ठी आपल्या औषधाची, ती आपण घातलेली. बाकीच्या हजारो चिठ्ठ्या पेशीच्या स्वतःच्या. "त्यातल्या काय चिठ्ठ्या म्हणत्यात, आता पुरं झालं, मर."

"चिठ्ठी म्हणती मर?"

"व्हय. टाकीत गर्दी झाली, घाण साठली की पेशी आपली आपण मरती. मेली की औषध थांबलं. मग आमी काय करतो, मायक्रोआरएनए म्हणून एक तुकडा असतोय, वीस-बावीस अक्षरांचा, लई बारका. त्यातला नेमका निवडायचा आणि पेशीला त्यो जास्त बनवायला लावायचा. त्यो जाऊन त्या मरणाच्या चिठ्ठ्यांना चिकटतोय. चिकटला की चिठ्ठी वाचलीच जात न्हाय. नवीन काय घालायचं न्हाय, नको ते खुडायचं."

"एका चिठ्ठीला एक तुकडा?"

"न्हाय, तीच तर गंमत हाय. एकच तुकडा बऱ्याच चिठ्ठ्या गप करतोय. आणि त्याचं स्वतःचं प्रोटीन बनवावं लागत न्हाय, पेशीवर वज्झं न्हाय. न खाता काम करून घेणारा मुकादम म्हणा."

"असला मुकादम मी निपाणीत तरी बघितला न्हाय."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मला ते हसणं सोसलं नाही. मी विचारलं, "मग किती दिस जास्त जगत्यात तुझ्या पेशी?"

"दोन-चार दिस. पण त्येवढ्यात लई माल निघतोय. समद्या वेळी न्हाय साधत. कधी चुकीच्या चिठ्ठ्यांना चिकटतोय, पेशी वाढायचीच थांबती."

"उंदराच्या पेशीला दोन-चार दिस जास्त. आणि तुझ्या आईच्या चिठ्ठ्या कुणी खुडायच्या हुत्या?"

तिचे हात थांबले. मला वाटलं रडेल. पण ती माझीच पोरगी. माझ्याकडं बघून म्हणाली, "आईच्या गाठीतल्या पेशींनी मरणाच्या चिठ्ठ्या आधीच गप केल्या हुत्या, आप्पा. मरायचं तवा मरत नव्हत्या, म्हणून तर गाठ झाली."

"म्हंजे तिच्या मानेत जे झालं तेच तू टाकीत करतीस, आणि त्याचा पगार घेतीस."

"व्हय. टाकीत औषधासाठी करतो. मानेत झालं तर माणूस जातंय. तेच हाय, आणि मी ते लपवत न्हाय."

मी हातातले शेंडे तिच्या पायापाशी फेकले आणि घरी आलो. दुपारी जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं आणि रान पुरं करायला परत गेली. "लपवत न्हाय" हा शब्द माझ्या कानात राहिला.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात दगडावर हात घासत होती. डिंक निघावा म्हणून गोडेतेल लावलं होतं, आईनं शिकवलेलं. मी खांबाला टेकून विचारलं, सहज विचारल्यासारखं, "तुझं ते प्रोटीन गोठलं तर काय होतंय?"

तिनं वर न बघता उत्तर दिलं. "आमच्यात मुद्दाम गोठवत्यात, पण त्याची रीत येगळी असती. भरलेली बाटली चुकून गोठली तर टाकून द्यायची. प्रोटीन म्हंजे घडी घातलेलं असतंय, बर्फ झाला की घडी मोडती, एकमेकाला चिकटून गुठळ्या होत्यात."

"दिसतंय का ते?"

"कधी दिसतंय, कधी न्हाय. पाण्यागत स्वच्छ दिसतंय आणि आत बिघडलेलं असतंय. म्हणून तर..." ती थांबली. तेलकट हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. "का इचारताय आप्पा?"

मी सांगितलं. कँडीवाला, रुमाल, नर्स, इल्लरी, सगळं. उभ्या उभ्याच सांगितलं. ती दगडावर बसली.

"कितवं?"

"तिसरं."

"मला फोन का न्हाय केलासा?"

"तू टाकीत हुतीस."

"टाकीवर ढकलू नका." आवाज चढवला नाही तिनं. "मी रात-दिवस फोन उचलत हुते. तुमी केला न्हाय. डेअरीत फ्रीज हाय की लशींचा. आईनं सांगितलं न्हाय?"

"सांगितलं हुतं."

"मग?"

मी सेक्रेटरीचं बोललो, दुधाचं, शपथेचं. ती मग म्हणाली, "माप लावलं म्हणून? आई घरात आजारी, आणि तुमी दुधाच्या मापावर अडून बसलासा?"

मला तिला मारावंसं वाटलं. ह्या वयात, एवढ्या मोठ्या पोरीला. हात उचलला नाही, पण वाटलं ते लिहितोय. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "ती त्यानं गेली का?"

"ठाऊक न्हाय."

"तूच असलं बनवतीस. तुला ठाऊक न्हाय तर कुणाला?"

"कुणालाच न्हाय. पाच नीट गेली. एक निम्मं गेलं असंल, न्हायतर सगळं वाया. नीट गेलं असतं तरी गाठ परत आली असती, असंबी असंल. तुमच्यानं गेली असं मी म्हणणार न्हाय. तुमच्यानं न्हाय गेली असंबी म्हणणार न्हाय. ठाऊक नसताना खोटं सांगायला मी तुमच्यागत नर्सपुढं उभी न्हाय."

हे मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली. ती उठून आत गेली आणि आतनं बराच वेळ भांड्यांचा आवाज आला.

मी चपला घातल्या आणि डेअरीवर गेलो. दहा-अकरा वर्षांनी ती पायरी चढलो. सकाळचं दूध घेऊन झालं होतं, सेक्रेटरी एकटाच कॅन धूत होता. बघून म्हणाला, "काय अण्णा, वाट चुकलासा? का आणिक कॅन वतायचा हाय पायावर?"

मी म्हणालो, "एक इचारायचं हाय. दोन उन्हाळ्यांमागं ट्रान्सफॉर्मर जळला हुता. तवा मी बायकोचं औषध घेऊन आलो असतो तर फ्रीजात ठिवलं असतंस का?"

त्यानं कॅन खाली ठेवला. "हे काय इचारणं झालं? ठिवलं असतं की. माझ्या म्हातारीचं इन्सुलिन तिथंच असतंय. गावातल्या आणिक चौघांचं असतंय." त्यानं फ्रीज उघडून दाखवला. लशींच्या खोक्यांशेजारी पिशव्यांना गाठी मारून बाटल्या ठेवलेल्या, प्रत्येकीवर नावाचा कागद. मधल्या कप्प्यात. वरचा बर्फाचा कप्पा रिकामा.

"आणि ते माप," तो म्हणाला, "ते मशिनचं हुतं. माझं न्हवतं."

एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहितो. त्या दिवशी दुधात पाणी होतं. तांब्याभर. मीच घातलं होतं.

मी त्याला हे सांगितलं नाही. माफी बिफी मागितली नाही. मला तो आजही आवडत नाही, त्याची ती मान वाकडी करून बोलायची पद्धत आवडत नाही. पण परत येताना शंभर पावलं मोजली. एकशे चार भरली.

मुलगी निघायच्या दिवशी मी तिची बॅग घेऊन निपाणीच्या स्टँडवर गेलो. कँडीवाल्याचं दुकान तिथंच होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मी बघितलं नाही. बस यायला वेळ होता.

मी म्हणालो, "तुझ्या त्या पेशी मायक्रोआरएनएनं जास्त माल द्यायला लागल्या तर ते औषध सस्त होईल?"

"होईल काय प्रमाणात. समदं त्याच्यावरच न्हाय."

"दुकानात कायम मिळंल?"

"जास्त बनलं तर मिळायला पायजे."

"मग पुरं कर ते. त्येवढं बनव की गोठलेली बाटली माणसानं टाकून दिली तरी दुसरी लगेच मिळंल. मग खोटं बोलायला कारण उरणार न्हाय."

"तुमच्याकडं तवाबी कारण न्हवतं, आप्पा."

"हुतं. तुला पटत न्हाय ते जाऊ दे."

बस आली. पायरीवर चढताना ती म्हणाली, "फोन केला तर नीट बोला. हाय जिता म्हणून ठिवू नका."

"तू इचारशील तसं बोलीन."

"मी बाटलीचं परत इचारणार न्हाय."

"इचार," मी म्हणालो. "तुझ्या आईनं परत इचारलं न्हाय, ते पुरं झालं."

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. बस बेळगावच्या अंगाला वळली. मी वडापनं गावी आलो आणि रानात गेलो. तिनं खुडलेल्या सरीत फुटवे यायला लागले होते, ते काढत बसलो.